ज्याला खोटे बोलता येत नाही

साने गुरुजींच्या 'श्यामची आई'मधील अळणी भाजीची गोष्ट ठाऊक नाही, असा विद्यार्थी आमच्या वर्गात क्वचितच आढळतो. आई भाजीत मीठ घालावयास विसरते. वडील पानावर बसतात, मुले बसतात. भाजी अळणी आहे हे साऱ्यांच्या ध्यानी येते, परंतु तिला वाईट वाटू नये म्हणून कोणी ते तिला कळू देत नाही. मागाहून आई स्वतः जेवावयास बसते, भाजी तोंडात घालते, आणि मग तिला सारा उलगडा होतो. घरातील माणसांनी आपल्यासाठी अळणी भाजी गोड मानून घेतली याचे तिला जितके अप्रूप, तितकेच आपण ती वाढली याचे वाईटही वाटते.

ही गोष्ट शिकवून झाली की आम्ही दरवर्षी वर्गाला एक प्रश्न विचारतो : तुम्ही त्या पंक्तीला असता तर काय केले असते? उत्तर ठरलेलेच असते. 'आम्हीही गप्प बसलो असतो', असे मुले सांगतात. काही वर्षांपूर्वी मात्र मागल्या बाकावरचा एक मुलगा उभा राहिला आणि म्हणाला, "मी सांगितलं असतं, मीठ नाही म्हणून." वर्ग हसला. मुलगा मुळीच ओशाळला नाही. त्याने आम्हांलाच विचारले, "नाही सांगितलं तर तिला कसं कळणार?" तेव्हा वर्ग पुन्हा हसला, आणि सांगावयास संकोच वाटतो, पण आम्हीही हसलो.

तो मुलगा स्वमग्न आहे, हे आम्हांस पुढे कळले. आम्ही कलाशाखेचे पदवीधर. वैद्यक किंवा मानसशास्त्र हा आमचा प्रांत नव्हे. म्हणून त्याला समजून घेण्यासाठी आम्ही आमच्या परिचयाच्या वाटेने गेलो, म्हणजे कथा-कादंबऱ्यांकडे. अशा मुलाने स्वतःच सांगितलेली, निदान तशी कल्पना करून लिहिलेली, गोष्ट कोठे आहे काय, याचा आम्ही शोध घेतला. अशा गोष्टी आहेत. आणि त्या वाचताना एक गोष्ट आमच्या फार लक्षात राहिली. त्यांपैकी बहुतेकींच्या मुळाशी चोरी, खून किंवा हरवलेले माणूस असे काही रहस्य असते खरे. परंतु खरे दुःख तेथे नसते. ते असते घरच्या माणसाने मायेपोटी केलेल्या एका खोट्यात.

प्रथम स्वमग्नतेविषयी थोडे सांगितले पाहिजे. १९४३ साली अमेरिकेतील बाल्टिमोर येथील डॉक्टर लिओ कॅनर यांनी अकरा मुलांची हकीकत प्रसिद्ध केली. ही मुले मतिमंद म्हणावी तशी नव्हती. काहींची स्मरणशक्ती तर थक्क करणारी होती. परंतु माणसांत मिसळणे त्यांना अवघड जाई, ठरलेल्या क्रमात तिळमात्र बदल झालेला त्यांना खपत नसे, आणि शब्दांचा अर्थ ती अगदी शब्दशः घेत. पुढल्याच वर्षी व्हिएन्ना येथे हान्स अ‍ॅस्पर्गर यांनी अशाच काही मुलांविषयी लिहिले. आज आपण या सर्वांस मिळून ऑटिझम किंवा स्वमग्नता म्हणतो. हा रोग नव्हे. तो घडणीतला फरक आहे, आणि तो माणसागणिक निराळा असतो. कोणी मुळीच बोलत नाही, तर कोणी आगगाडीचे अख्खे वेळापत्रक तोंडपाठ म्हणून दाखवितो. आपल्या देशाच्या १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्यात आणि २०१६ च्या दिव्यांगजन अधिकार कायद्यात स्वमग्नतेचा स्वतंत्र उल्लेख आहे.

कॅनर यांच्या त्या अकरा मुलांत पहिला डोनाल्ड. 'होय' या शब्दाचा अर्थ शिकावयास त्याला फार दिवस लागले. वडिलांनी एकदा त्यास सांगितले, 'होय म्हणालास तर तुला खांद्यावर घेईन.' डोनाल्ड 'होय' म्हणाला, आणि वडिलांनी त्यास खांद्यावर घेतले. तेव्हापासून कितीतरी दिवस त्याच्या लेखी 'होय' या शब्दाचा अर्थ एकच होता : मला खांद्यावर घ्या. आम्हांला ही हकीकत फार मोलाची वाटते. वडिलांनी शब्द दिला आणि तो पाळला, एवढ्यावर त्या मुलाच्या भाषेतील एक शब्द उभा राहिला. आता अशी कल्पना करा, की तो 'होय' म्हणाला असता आणि वडील हसून निघून गेले असते.

आपली मराठी भाषा अशा मुलास किती कठीण पडत असेल, याचा आपण कधी विचार करीत नाही. घराबाहेर पडताना आपण 'जातो' म्हणत नाही, 'येतो' म्हणतो. (आमच्या घरच्या कोकणीतही जाणारा माणूस 'येतां' असेच म्हणतो.) नारळ फोडला तरी आपण तो 'वाढविला' म्हणतो, बांगडी फुटली तर ती 'वाढली', दुकान बंद केले तर तेही 'वाढविले'. दिव्याला आपण मालवीत नाही, निरोप देतो. माणूस गेला म्हणजे तो 'देवाघरी' जातो. अशुभ शब्द ओठांवर येऊ नये म्हणून वाडवडिलांनी केलेली ही सोय आहे, आणि तीत सौंदर्यही आहे. परंतु जो शब्दाला शब्दाप्रमाणेच धरतो, तो साहजिकच विचारणार : देवाच्या घरून परत केव्हा येणार?

अशाच एका मुलाची कादंबरी आज जगभर वाचली जाते. इंग्लंडमधील मार्क हॅडन यांची 'द क्यूरियस इन्सिडेन्ट ऑफ द डॉग इन द नाइट-टाइम' ही ती कादंबरी. ती २००३ साली प्रसिद्ध झाली आणि त्या वर्षाचे व्हिटब्रेड पारितोषिक तिला मिळाले. स्विंडन नावाच्या गावात क्रिस्टोफर बून हा पंधरा वर्षांचा मुलगा आपल्या वडिलांजवळ राहतो. आई दोन वर्षांपूर्वी हृदयविकाराने वारली, असे वडिलांनी त्यास सांगितलेले आहे. क्रिस्टोफरला गणित मनापासून आवडते. आपल्या पुस्तकाच्या प्रकरणांना तो एक, दोन, तीन असे क्रमांक न देता दोन, तीन, पाच, सात अशा मूळ संख्या देतो. त्याला कोणी अंगाला हात लावलेला सोसत नाही. म्हणून त्याच्या घरात मायेची एक निराळी खूण आहे : वडील पंजा पंख्यासारखा पसरून पुढे धरतात, क्रिस्टोफर आपला पंजा तसाच पसरतो, आणि बोटांना बोटे टेकतात. बस्स. पोटाशी धरणे झाले ते एवढेच.

एका रात्री शेजारणीचा कुत्रा मारलेला आढळतो. तो कोणी मारला याचा छडा लावावयाचा, असे क्रिस्टोफर ठरवितो आणि आपल्या शोधाची हकीकत लिहू लागतो. तीच ही कादंबरी. आपण खोटे बोलत नाही, हे तो प्रारंभीच वाचकास सांगतो. मात्र त्यात आपला काही मोठेपणा आहे, असे त्याचे म्हणणे नाही. जे घडलेच नाही त्याचा विचार सुरू झाला की न घडलेल्या इतर असंख्य गोष्टी मनात गर्दी करतात आणि जीव घाबरा होतो, असे कारण तो देतो. रूपक अलंकारसुद्धा त्याला खोट्याचाच एक प्रकार वाटतो. 'पोटात कावळे ओरडत आहेत' हे वाक्य त्याला शिकविण्याचा प्रसंग आमच्यावर आला असता, तर आमची पुरती तारांबळ उडाली असती!

तथापि क्रिस्टोफर भोळा आहे, असे मात्र कोणी समजू नये. त्याच्याजवळ एक पळवाट आहे. खरे तेवढेच सांगावयाचे, परंतु सगळे सांगावयाचे नाही, हे त्याच्या मते खोटे नव्हे. कुत्र्याच्या भानगडीत पडू नकोस, म्हणून वडील त्याला बजावतात आणि काय काय करावयाचे नाही याची यादी देतात. तो ती अक्षरशः पाळतो आणि यादीत नसलेले सारे करतो. आमच्या वर्गातील काही अतिशय हुशार विद्यार्थ्यांची येथे आम्हांस आठवण झाली; त्यांतील एकही स्वमग्न नाही.

पुढील भाग आम्ही सांगितला तर कादंबरीचे रहस्य फुटणार, याची आम्हांस जाणीव आहे. परंतु त्यावाचून आमच्या विषयाचे पाऊल पुढे पडत नाही. वडिलांनी काढून घेतलेली आपली वही शोधताना क्रिस्टोफरला त्यांच्या कपाटात एका पेटीत पत्रे सापडतात. पत्रे त्याच्या नावची आहेत आणि अक्षर आईचे आहे. पाकिटावरील टपालाचा शिक्का मात्र आई 'वारल्या'नंतरचा. असा पुरावा हाती असूनही हा तल्लख मुलगा आधी काय समजतो? पत्र दुसऱ्याच कोणा क्रिस्टोफरचे असावे, त्याच्या आईने त्याला लिहिलेले, असे त्याला वाटते. वडिलांनी सांगितले ते खोटे असू शकेल, ही शंका त्याच्या मनाला सर्वांच्या शेवटी शिवते. विश्वासाचे याहून नेमके वर्णन आम्ही इतरत्र वाचलेले नाही. आई मेलेली नाही. ती घर सोडून लंडनला गेली आहे, आणि तेथून मुलाला पत्रामागून पत्र लिहीत आहे.

वडील दुष्ट आहेत काय? मुळीच नाहीत. तेच त्याला जेवू घालतात, आजारपणात न्हाऊ-माखू घालतात, त्याच्या परीक्षेसाठी शाळेशी भांडतात. बायको निघून गेली हे पोराला कोणत्या शब्दांत सांगावे हे त्यांना कळले नाही, म्हणून तोंडाला आले ते सांगून बसले. आणि एकदा सांगितलेले खोटे रोज सांभाळावे लागले. पत्रे सापडल्यावर ते ठरवितात की आता मुलाला सारे खरे सांगावयाचे. आणि ते सांगतातही : तो कुत्रा मीच रागाच्या भरात मारला. येथे कादंबरीकाराने मोठी सूक्ष्म गोष्ट दाखविली आहे. वडिलांच्या मनात हे सत्य म्हणजे समेटाचा हात आहे. मुलाच्या मनात मात्र तोवर जमीनच खचलेली आहे. तो गणितासारखा हिशेब मांडतो : यांनी कुत्रा मारला, हे खोटे बोलले, तेव्हा हे मलाही मारतील. वडील पंजा पसरून पुढे धरतात. क्रिस्टोफर आपला हात पुढे करीत नाही. रात्रभर तो बागेत लपून बसतो आणि सकाळी, कधी एकटा दूर न गेलेला हा मुलगा, आईला शोधण्यासाठी लंडनची गाडी पकडतो.

उशिरा सांगितलेले सत्य वेळेवर सांगितलेल्या सत्याचे काम करीत नाही. 'खरे बोलावे' एवढे सुभाषित सर्वांस पाठ असते. परंतु ते केव्हा बोलावे, आणि मधल्या दिवसांची भरपाई कशी करावी, हे त्या सुभाषितात नसते. कादंबरीच्या अखेरीस त्या भरपाईचा प्रारंभ दिसतो. मुलगा वडिलांशी बोलावयास तयार नाही. तेव्हा वडील मिनिटे मोजणारे एक यंत्र लावून ठेवतात : पाच मिनिटे, अधिक नाही. पाच मिनिटे झाली की ते खरोखर थांबतात.  मोठी क्षमायाचना नाही, गळ्यात पडणे नाही. ठरविलेली लहानशी गोष्ट ठरल्याप्रमाणे होते, आणि त्या मुलाला तेवढेच मोजता येते.

याच वळणाच्या आणखी दोन कादंबऱ्यांचा ओझरता उल्लेख करतो. शिव्हॉन डाउड यांच्या 'द लंडन आय मिस्ट्री'मध्ये (२००७) बारा वर्षांचा टेड आपल्या हरवलेल्या मावसभावाचा शोध घेतो. त्याचे म्हणणे घरातील मोठी माणसे कानावरच घेत नाहीत, आणि शोधासाठी आईशी खोटे बोलावे लागते तेव्हा ते त्याला फार जड जाते. फ्रान्सिस्को स्टॉर्क यांच्या 'मार्सेलो इन द रिअल वर्ल्ड'मधील (२००९) मार्सेलो वडिलांच्याच वकिली कचेरीत उन्हाळ्याची नोकरी करतो. वडिलांची इच्छा, की पोराने 'खरे जग' पाहावे. पोरगा ते पाहतो. सदोष काचेमुळे चेहरा विद्रूप झालेल्या एका मुलीचे छायाचित्र त्याच्या हाती पडते, आणि जिच्यामुळे हे घडले त्या कंपनीचे वकीलपत्र आपल्या वडिलांकडे आहे, हे त्यास कळते. मुलाने खरे बोलावे असे वाटणाऱ्या बापाला मुलगा खरोखरच खरेपणाने वागू लागला म्हणजे काय वाटते, हे ज्यास पाहावयाचे असेल त्याने ती वाचावी. मोठ्या विद्यार्थ्यांनी ती अवश्य वाचावी.

आपल्याकडील उदाहरण पुस्तकातले नसून चित्रपटातले आहे, आणि त्यातील मुलगा मुंबईच्या बोरिवलीत वाढलेला आहे. 'माय नेम इज खान' (२०१०) या हिंदी चित्रपटातील रिझवान खान स्वमग्न आहे आणि आपली गोष्ट तो पत्नी मंदिरेसाठी लिहिलेल्या रोजनिशीतून सांगतो. १९८३ मधील दंगलीचे दिवस असतात. शेजारच्यांच्या तोंडची द्वेषाची वाक्ये तो जशीच्या तशी घोकीत घरी येतो. आई त्याला पाटीएवढ्या साध्या चित्रांनी समजावून सांगते, की जगात माणसे दोनच प्रकारची, चांगले काम करणारी आणि वाईट काम करणारी. दुसरा फरक नाही. हे वाक्य तो जन्मभर सोडीत नाही, कारण आईने ते दिले आहे. पुढे अमेरिकेत मंदिरेचा मुलगा द्वेषापायी मारला जातो. दुःखाने वेडीपिशी झालेली ती माउली रिझवानला घराबाहेर घालविते. 'परत केव्हा येऊ?' असे तो सरळपणे विचारतो. संतापाच्या भरात ती म्हणते, की आपण दहशतवादी नाही असे अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांना जाऊन सांग, मग ये. आपल्यातील कोणीही ते वाक्य संतापाचे म्हणून सोडून दिले असते. रिझवान सामान बांधतो आणि राष्ट्राध्यक्षांना भेटावयास निघतो.

चित्रपट म्हणून तो पुष्कळ ठिकाणी अवास्तव आहे, हे आम्हांस मान्य आहे. परंतु 'परत केव्हा येऊ?' हा प्रश्न खोटा नाही. रागाने बोललेला शब्द हा घरात आपण फुकटचा समजतो. 'जा, तोंड दाखवू नकोस', 'आता मी तुझ्याशी कधी बोलणार नाही', असे दिवसातून किती वेळा आपण म्हणतो! ज्याच्या ठायी शब्दाला कसर नाही, त्याच्याकडून या वाक्यांची वसुली होते.

येथे एक सावधगिरीची सूचना करणे आमचे कर्तव्य आहे. हॅडन स्वतः स्वमग्न नाहीत. आपल्या कादंबरीच्या संहितेत त्यांनी 'ऑटिझम' हा शब्दही वापरलेला नाही. अशा कादंबऱ्या वाचून 'स्वमग्न मुले खोटे बोलतच नाहीत' असा नियम कोणी बांधू नये. त्यांतील कितीतरी मुले खोटे बोलू शकतात आणि बोलतात. भीती वाटली तर कोण बोलत नाही? त्यांना भावना कळत नाहीत, हाही तसाच एक गैरसमज. २०१२ साली डेमियन मिल्टन या स्वतः स्वमग्न असलेल्या अभ्यासकाने असे मांडले, की न समजण्याची अडचण दुहेरी असते. त्यांना आपण जितके दुर्बोध, तितकेच तेही आपणांस. कथेतला निवेदक हा आरसा आहे. त्यात स्वमग्न मुलाचा चेहरा पुरता दिसेलच असे नाही. पण त्याच्या घरच्यांचा, म्हणजे आपला, बराच स्पष्ट दिसतो.

हा प्रश्न स्वमग्न मुलांच्या घरापुरता नाही, याची साक्ष आपल्याच भाषेत आहे. १९५३ साली आचार्य अत्रे यांनी 'श्यामची आई' पडद्यावर आणली आणि सर्वोत्कृष्ट भारतीय चित्रपटाला दिले जाणारे राष्ट्रपतींचे पहिलेच सुवर्णपदक तिला मिळाले. त्यानंतर तो सर्वोच्च मान पुन्हा मराठी चित्रपटाकडे येण्यास पन्नास वर्षे लोटावी लागली. २००४ साली आलेला तो चित्रपट म्हणजे संदीप सावंत यांचा 'श्वास'. माधवी घारपुरे यांच्या कथेवर तो आधारलेला आहे. कोकणातील एका खेड्यातला आजोबा आपल्या नातवाला, परशाला, डोळे दाखविण्यासाठी शहरातल्या रुग्णालयात आणतो. डोळ्यांत कर्करोग आहे. जीव वाचवावयाचा तर दृष्टी जाणार. परशा स्वमग्न नाही. चारचौघांसारखा खेळकर मुलगा आहे. परंतु चित्रपटाचा जीव कशात आहे? शस्त्रक्रिया करावी की नाही, हा प्रश्न तेथे लवकरच सुटतो. सुटत नाही तो दुसरा : पोराला सांगावयाचे कसे? सांगितल्यावाचून भूल देऊन त्याला अंधारात जागे करावयाचे नाही, असा डॉक्टरांचा आग्रह. आणि सांगावयाचे तर आजोबाच्या तोंडून शब्द फुटत नाही. अरुण नलावडे यांनी उभा केलेला तो म्हातारा शब्द शोधीत त्या रुग्णालयाच्या व्हरांड्यांतून भटकताना ज्यांनी पाहिला, त्यांना क्रिस्टोफरच्या वडिलांचा राग येणार नाही. दोघांपुढे तोच डोंगर होता. एकाने वळसा घातला. दुसरा धापा टाकीत चढला, आणि नातवाला घेऊन, डोळे आहेत तोवर जग दाखवावे म्हणून, रुग्णालयातून कोणाला न सांगता बाहेर पडला.

आता मागल्या बाकावरच्या त्या मुलाकडे परत वळतो. त्याचे नाव व गाव आम्ही देत नाही. घरच्यांना विचारूनच हे लिहीत आहोत.

त्याचे आजोबा आषाढात नागपूरला दवाखान्यात गेले आणि तेथेच वारले. मुलगा आजोबांचा फार लाडका. तान्ह्या पोळ्याच्या लाकडी बैलाला ते दोघे मिळून दरवर्षी रंग देत. घरच्यांनी त्याला सांगितले, 'आजोबा नागपूरलाच आहेत, पोळ्याला येतील.' त्याने शाळेत येऊन आम्हांस विचारले, "आजोबा पोळ्याला येणार ना?" आम्हांस खरे ठाऊक होते. घरच्यांचा शब्द मोडावयाचा कसा, असे वाटून आम्ही म्हणालो, "येतील." त्याने वही उघडून पोळ्याची तारीख लिहून ठेवली. पोळ्याच्या दिवशी सकाळी तो बसस्थानकावर जाऊन बसला. नागपूरकडून येणारी प्रत्येक गाडी त्याने पाहिली. बाहेर बैलांच्या मिरवणुका, वाजंत्री. गावात दुसऱ्या दिवशीच्या गोटमारीची चर्चा. आणि हा मांडीवर अर्धा रंगविलेला बैल घेऊन बसलेला. दिवेलागणीला त्याची आई शोधीत आली. तिने तेथेच, बाकावर त्याच्या शेजारी बसून, त्याला खरे सांगितले. तो रडला नाही. घरी गेल्यावर त्याने बैल माळ्यावर ठेवून दिला.

आमच्या कोकणीत खोट्याला 'फट' म्हणतात आणि फसविण्याला 'फटोवप'. दोन्हींचे मूळ एकच. इकडे माणसे म्हणतात, 'लबाड बोलू नको.' त्यानंतर त्या मुलाने मात्र स्वतःचा एक शब्द केला. आम्ही काहीही सांगितले, उद्या चाचणी आहे, परवा सुट्टी आहे, की तो विचारी, "खरं, की नागपूरचं?" वर्गातील मुलांना ती गंमत वाटे. आम्हांस प्रत्येक वेळी ते लागे. परीक्षेचे वेळापत्रक फळ्यावर लिहिले तर तो कचेरीत जाऊन छापील कागद पाहून येई. आमच्या शब्दाची किंमत त्याच्या लेखी शून्य झाली होती, आणि ती आम्हीच केली होती.

क्रिस्टोफरच्या वडिलांचे ते मिनिटांचे यंत्र आम्हांस याच दिवसांत वाचावयास मिळाले. मग आम्ही एक केले. दर सोमवारी त्याच्या वहीत त्या आठवड्यात आम्ही काय करणार, हे लिहून देऊ लागलो : बुधवारी निबंध तपासून देऊ, शुक्रवारी ग्रंथालयाची किल्ली तुझ्याकडे. झाले की तो पुढे खूण करी. त्याच्या आईनेही घरी तसेच सुरू केले. कित्येक महिने तो नुसत्या खुणा करीत राहिला. 'नागपूरचं' हा शब्द केव्हा बंद झाला, हे आम्हांस नेमके सांगता येत नाही. एक दिवस लक्षात आले की बरेच दिवसांत तो ऐकलेला नाही.

गेल्या दिवाळीत आम्ही गावी गेलो. जाताना त्याच्या वहीत 'सोमवारी परत' असे लिहून दिले होते. गाडी वाटेत रखडली आणि आम्ही पांढुर्ण्यास मंगळवारी पोचलो. तो शाळेच्या फाटकाशीच उभा होता. आम्ही म्हणालो, "सोमवार लिहिले होते. गाडीला उशीर झाला. आमचे चुकले." त्याने वही काढली, 'सोमवारी' हा शब्द खोडला, वर 'मंगळवारी' लिहिले, आणि पुढे खूण केली.